मलम कोणतं, ते नंतर ठरवू

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांच्या पाचवीतल्या मुलीने हट्टाने गिनीपिग पाळला. ती मोठी मादी आता अडीच वर्षांची आहे. ती एकटी पडते म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाजारातून धाकटी आणली. महिनाभरापासून मोठीच्या खांद्यावरचे, पाठीवरचे आणि मांड्यांच्या आतले केस गेलेत, खपल्या धरल्यात, हात लावला की ती किंचाळते. परवा खाजवता खाजवता ती आडवी पडली आणि पाय झाडू लागली. धाकटीच्या नाकावर नि डोळ्यांभोवती पांढरट कोंडा आहे, पण ती खाजवत नाही. आता मुलीच्या मनगटावरही गोल लाल चट्टा उठलाय. ताई दर रविवारी दोघींना बेबी शाम्पूने आंघोळ घालतात, उन्हाळा म्हणून पिंजऱ्यात ओलं फडकं अंथरतात. शेजारणीने दिलेली मलमाची ट्यूब मोठीला लावून झाली, कुत्र्याची गोचीड पावडर धाकटीला लावून झाली. जवळचे डॉक्टर म्हणाले, "आम्ही गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघतो." यजमान म्हणतात, डॉक्टरच्या खर्चात नवी जोडी येईल. मधुमेह असलेल्या सासूबाई म्हणतात, पोरीला रोग लागायच्या आत तलावाकाठच्या बागेत सोडून या. ताई विचारतात : कोणतं मलम लावू? की कुणाला देऊन टाकू? आणि पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून माझीच स्वच्छता कमी पडली का?

उत्तर : ताई, आधी तातडीचं सांगते. मोठीचं ते पाय झाडणं तुम्हाला फिट आल्यासारखं वाटलं. गिनीपिगच्या कातडीत बिळं करून राहणारा, डोळ्यांना न दिसणारा, खरजेचा एक जीव आहे, ट्रिक्साकॅरस कॅव्हिए. तो खरं तर गोचिडीच्या कुळातला, पण सोयीसाठी कीटक म्हणू. त्याने इतकी भयंकर खाज सुटते की खाजवताना जनावराला अक्षरशः झटके येतात. खांदे, पाठ आणि मांड्यांची आतली बाजू या त्याच्या ठरलेल्या जागा. तुम्ही लिहिलेलं सगळं त्याच्याशी जुळतं. खात्री तपासणीनंतरच होईल, पण हे दुखणं 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणण्यासारखं नाही. उपचार न झालेली जनावरं खाणं सोडतात आणि मरतात. एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. तोवर तिला आंघोळ नको, चोळणं नको, मांडीवर घेऊन कुरवाळणंही नको. उचलावंच लागलं तर मऊ फडक्यात सैल गुंडाळून उचला. तिने चारा खाणं थांबवलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. गिनीपिगचं पोट फार काळ रिकामं राहिलं की आतडीच काम करेनाशी होतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण पत्रात तोच सर्वात जड वाटला. स्वच्छता कमी पडली म्हणून हे झालेलं नाही. हे कीटक दुसऱ्या गिनीपिगच्या अंगावरून येतात, कधी चाऱ्यातून किंवा अंथरुणातून येतात. थोडेसे अंगावर असूनही जनावर कित्येक महिने ठणठणीत दिसू शकतं. मग उन्हाळ्याचा ताण, नवी सोबतीण, खाण्यातली उणीव, असं काही झालं की ताकद कमी पडते आणि ते वाढतात. बुरशीचंही तसंच (धाकटीला तिचीच शंका आहे, ते पुढे सांगते). बाजारातून आलेली धाकटी ती घेऊनच आली असण्याची शक्यता बरीच आहे. नवं जनावर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून मगच जुन्याजवळ सोडायचं असतं, हे विकणारे सांगत नाहीत.

उलट तुमच्या घरी पाणी थोडं जास्तच वापरलं गेलंय. गिनीपिगला दर आठवड्याला आंघोळ लागत नाही. शाम्पूने कातडीवरचं नैसर्गिक तेल जातं, दाट केसांच्या मुळाशी ओल राहते आणि बुरशीला तेच हवं असतं. रविवारची आंघोळ बंद करा. पिंजऱ्यालाही रोज धुणं नको. जिथे लघवी केली तेवढा भाग रोज उचलून टाका, खालचा वर्तमानपत्राचा थर बदला आणि तळाचा ट्रे उन्हात ठेवा. सोलापूरच्या उन्हाला काही कमी नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी एकदा घासून धुतलं तरी पुरतं.

आता मलमाकडे. तुम्ही धरून चालला आहात की दोघींना एकच आजार आहे आणि त्याचं एक मलम असेल. पत्र वाचून मला तसं वाटत नाही. मोठीला प्रचंड खाज आहे आणि जागा पाठ-खांद्यांची आहे. धाकटीला खाज नाही आणि जागा नाक-डोळ्यांची आहे. तोंडापासून सुरू होणारा, कोंडा धरणारा, फारसा न खाजणारा चट्टा म्हटलं की आधी नायट्याची शंका घ्यायची. गिनीपिगमध्ये तो बहुधा ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस नावाच्या बुरशीने होतो. मुलीच्या मनगटावरचा गोल चट्टाही त्याच दिशेला बोट दाखवतो. म्हणजे एकाच पिंजऱ्यात दोन वेगळे आजार असू शकतात आणि दोन्ही एकमेकींना लागू शकतात. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

ज्यांच्या घरी असंच काही चाललंय त्यांच्यासाठीही सांगते. चट्टा दिसला की दोन गोष्टी बघा : केस कुठले गेलेत आणि जनावर खाजवतंय का. कानामागचा छोटा उघडा भाग सगळ्याच गिनीपिगला जन्मापासून असतो, त्याला औषध लावू नका. दीड-दोन वर्षांपुढच्या मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत गेले आणि खाज अजिबात नसेल, तर दोष बहुधा बीजकोशातल्या गाठींचा असतो. वर कितीही मलम थापलं तरी फरक पडणार नाही, सोनोग्राफी करावी लागते. केस मुळापासून न जाता कात्रीने वेडेवाकडे कापल्यासारखे दिसले, तर सोबतीण किंवा ते स्वतःच कुरतडतंय. अशा घरात चारा कमी पडतोय का ते आधी पाहावं. उवा असतील तर केस बाजूला केल्यावर त्या चालताना दिसतात. तळपाय लाल होऊन सुजले असतील तर पिंजऱ्याची तळाची जाळी, ओलं अंथरूण आणि वाढलेलं वजन ही नेहमीची कारणं. नराच्या शेपटीच्या जागी चिकट, तेलकट थर जमतो. तिथे ग्रंथी असते, तो रोग नाही.

शेजारणीची ट्यूब आता बंद करा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सर्रास मिळणाऱ्या खाज-नायट्याच्या मलमांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी पसरत राहते. माणसांतही या मलमांनी नायटा किती चिवट झालाय हे कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. शिवाय गिनीपिग अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. कुत्र्याच्या पावडरीचंही तेच. तिचं प्रमाण कुत्र्याच्या वजनाला बेतलेलं असतं आणि धाकटी जेमतेम अर्धा-पाऊण किलोची असेल. ओलसर फडक्याने पावडर पुसून काढा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. खोबरेल तेलाने कातडीतला कीटक मरत नाही. कापूर, टी ट्री ऑइल, रॉकेल यांतलं काहीही जवळ आणू नका, या जिवांना ते विषच आहे. खरं तर तपासणी होईपर्यंत काहीच न लावलेलं चांगलं, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही.

आता डॉक्टर. "आम्ही हे बघत नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. अनोळखी जनावराला चुकीचं औषध देण्यापेक्षा नाही म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे. पण सोलापुरात इलाज नाही असा निष्कर्ष तुम्ही त्यावरून काढलात, तो मला मान्य नाही. शेळ्या बघणाऱ्या डॉक्टरांना खरूज नवी नाही. तिच्यावरचं आयव्हरमेक्टिन त्यांच्या कपाटात असतंच, आणि गिनीपिगच्या या कीटकावरही तेच चालतं. अडचण आहे ती मापाची. साधारण डोस किलोमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असतो. बाजारातलं एक टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. समजा मोठी ९०० ग्रॅमची आहे आणि डॉक्टरांनी किलोला ०.४ धरलं, तर तिला ०.०३६ मिलिलिटर लागतं, एका थेंबाहूनही कमी. मोठ्या सिरिंजमध्ये हाताचा अंदाज थोडा चुकला तरी ते पाचपट होतं. म्हणून औषध पातळ करून किंवा इन्सुलिनच्या सिरिंजने द्यावं लागतं. हे गणित मी तुम्ही घरी इंजेक्शन द्यावं म्हणून सांगत नाही. किराणा दुकानात नाहीतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन ग्रॅममध्ये करून जा, म्हणजे डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होईल. या औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून ते दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, साधारण तीन वेळा द्यावं लागतं. पहिल्या इंजेक्शननंतर खाज कमी झाली की बरेच लोक थांबतात आणि महिन्याभरात सगळं परत येतं. खाज नसली तरी धाकटीलाही ते द्यावं लागेल, कारण दोघी एकत्र राहतात.

कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर कीटक दिसू शकतो. नाही दिसला तरी तो नाहीच असं ठरत नाही, कारण तो खोल असतो. इतकी स्पष्ट लक्षणं असतील तर औषध देऊन बघणं रास्त आहे. नायट्यासाठी चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा तपासायला द्यावा लागतो. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन तोंडावाटे काही आठवडे चालतं, प्रमाण पुन्हा वजनावरच. जाताना मोठीच्या झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. डॉक्टरांना नम्रपणे एक गोष्ट आठवणीने सांगा : गिनीपिगला तोंडावाटे पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन चालत नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि जनावर काही दिवसांत दगावतं. जखमा चिघळल्या म्हणून अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर हे फार महत्त्वाचं. दोघी माद्याच आहेत ना, हेही बघून घ्या. विकणारे पुष्कळदा चुकतात, आणि गिनीपिगचे दिवस दोन महिन्यांच्या आसपास भरतात. मोठी गाभण असेल तर औषधं बदलतील.

तरीही स्थानिक डॉक्टर तयार झाले नाहीत, तर उदगीरला आणि शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात लहान प्राणी बघणारे डॉक्टर आहेत. या उन्हात मोठीला एवढ्या लांब नेण्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांनी तिकडच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून इथेच उपचार केले तर बरं. त्यांना तसं विचारायला संकोचू नका. न्यायचंच झालं तर पहाटे निघा, भोकं पाडलेल्या खोक्यात चारा आणि काकडीची फोड ठेवा. उपाशी नेऊ नका.

लेकीबद्दल आता. तिला पशुवैद्याकडे नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरी गिनीपिग आहेत हे सांगा. मोठीचा कीटक माणसाला चावतो, पुरळ उठतं, पण तो माणसाच्या अंगावर टिकत नाही. मोठी बरी झाली की तेही जातं. नायटा मात्र खरोखर लागतो आणि त्यावर औषध घ्यावं लागतं. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नका. मधुमेह असलेल्या माणसाने नायटा झालेल्या जनावराला हात लावू नये, पिंजराही त्यांच्या खोलीजवळ नको. पण सोडून देणं हा मार्ग नाही. हे प्राणी हजारो वर्षं माणसाने पाळलेले आहेत, मूळचे थंड हवेच्या अँडीज पर्वतातले. तलावाकाठी मांजरं आणि कुत्री आहेत, त्याआधी ऊन आहे. पाळीव जनावराला असं उपाशीतापाशी सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. सासूबाईंना हवी आहे ती घराची सुरक्षितता, आणि ती दुसऱ्या रीतीने देता येते. काही आठवडे पिंजऱ्याचं काम फक्त तुम्ही किंवा यजमानांनी हातमोजे घालून करावं. लेकीने गवत घालावं, गप्पा माराव्यात, पण तोंडाशी धरू नये, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पुठ्ठ्याची घरं टाकून द्या. प्लॅस्टिकचा ट्रे आधी घासून मग एक भाग ब्लीच नि दहा भाग पाणी दहा मिनिटं ठेवून धुवा, उन्हात कडक वाळवा. संडास धुण्याचं अॅसिड ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने टिकतात.

यजमानांच्या हिशेबाचं उत्तरही यातच आहे. आज या दोघी गेल्या आणि नवी जोडी त्याच पिंजऱ्यात आली तर नवीलाही नायटा होईल. रोग पिंजऱ्यात नि चट्टा लेकीच्या हातावर राहीलच. त्यामुळे हा खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. आणि अकरा वर्षांच्या मुलीसमोर आजारी जनावराचं मोल त्याच्या विकतच्या किमतीवर ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. परिस्थितीच नसेल तर पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात आधी विचारा, तिथे खर्च कमी येतो.

खाण्याबद्दल तुम्ही 'कोबी, काकडी, चपाती आणि पोपटाचे दाणे' एवढंच लिहिलंत, आणि मला मूळ इथेच दिसतं. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून मिळावं लागतं, आजारात वरच्या बाजूला. ते कमी पडलं की केस राठ होतात, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत, कीटकांना मोकळं रान मिळतं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे पाव मिरचीत रोजचं काम बऱ्यापैकी भागतं. पेरूत त्याहून कितीतरी जास्त आहे, पण साखरही आहे, म्हणून एक पातळ फोड पुरे. कोथिंबीर रोज थोडी चालेल. मेथी-पालक रोज नको, कॅल्शियमने मूत्राशयात खडे होतात. पाण्यात थेंब टाकायची औषधं मिळतात, त्यांवर विसंबू नका. प्रकाशात नि उष्णतेत ते जीवनसत्त्व भराभर नष्ट होतं. चपाती आणि दाणे बंद.

आणि चारा. पोटात जाणाऱ्यातला बहुतेक भाग वाळलेलं गवत असायला हवं, दिवसरात्र समोर. विकतचं टिमोथी गवत महाग पडतं. फवारणी नसलेल्या बांधावरची हरळी किंवा मारवेल आणून वाळवली तरी चालते. कडबा मुख्य चारा म्हणून नको, दांडे टणक असतात, टोचतात. कोवळी ज्वारी मात्र अजिबात नको, ती गुरांनाही बाधते हे शेतकरी सांगतील. आणलेलं गवत पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं तर त्यातले कीटक मरायला मदत होते. बुरसट वास आला तर फेकून द्या.

ओल्या फडक्यामागची तुमची माया कळते. पारा चाळिशीपार जातो आणि या जिवांना पंचवीसच्या आतच बरं वाटतं. पण ओलीने तळपाय सडतात. शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर त्या आपणहून पसरतील. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, पिंजरा खिडकीपासून लांब घ्या. अंथरायला जुनी सोलापुरी चादर घडी करून उत्तम, फक्त सुटलेले धागे कापा, त्यात पाय अडकतात. टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं गुंततात.

कुणाला देऊन टाकावं का, हे आज ठरवू नका. नायटा असलेलं जनावर दुसऱ्या घरी देणं म्हणजे तिथल्या मुलांना नायटा देणं आहे. दोघी बऱ्या झाल्यावर, घरात सगळ्यांशी बोलून, तरीही झेपत नाही असं वाटलं तर जोडीनेच द्या आणि काय आजार होता, काय औषध झालं ते लिहून द्या. दर रविवारी, आता बंद केलेल्या आंघोळीच्या वेळेला, लेकीकडून दोघींची वजनं वहीत लिहून घ्या. वजन सलग उतरू लागलं तर चट्टे सुधारत असले तरी डॉक्टरांना दाखवा. आणि तिसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनीही मोठी खाजवत असेल तर त्या वहीसकट मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण गवत कुठून येतंय ते आधी बघू.